बुडाखाली हातभर

१

माझा नवरा एर्विनो गेल्यावर मी होडी विकणार, असं आमच्या ग्रादो गावात सगळे धरून चालले होते. मी विकली नाही. खाडीतल्या बेटांवर अजून माणसं राहत होती. त्यांना पीठ, गॅसच्या टाक्या, पिण्याचं पाणी लागायचं, आणि हे सगळं इतकी वर्षं आमच्याच होडीतून जात होतं. होडी चालवायचा तो, सामान उतरवून द्यायची मी. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली.

अडचण पाण्याची होती. आमची खाडी म्हणजे मैलोन्‌मैल गुडघाभर पाणी, त्याखाली चिखल, आणि चिखलातून वाकडीतिकडी गेलेली एक खोल वाट. वाटेच्या दोन्ही कडांना लाकडी खुंट रोवलेले असतात. पण चिखल दर हिवाळ्यात थोडा सरकतो आणि खुंट जिथल्या तिथे राहतात. एर्विनोला पाण्याच्या रंगावरून कळायचं. "इथे दुधाळ झालंय," असं स्वतःशीच पुटपुटत तो होडी वळवायचा. मला त्याच्या शेजारी बसूनही सगळं पाणी एकाच रंगाचं दिसायचं.

फेब्रुवारीत तो एकटाच आमच्या बेटावरच्या बोरूच्या काड्यांच्या झोपडीची डागडुजी करायला गेला होता. दुपारी बोरा सुटला. डोंगराकडून उतरणारा हा वारा आम्हाला नवा नाही. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, खोल वाटेच्या कडेला चिखलात पुढचं टोक, नाळ, टेकवून सरळ उभी. इंजिन वर उचललेलं, जाड कोट घडी घालून बाकावर ठेवलेला. तो सापडला नाही. पाणबुडे आले, जाळी ओढून झाली. शेवटी वसंतात पाद्रींनी रिकाम्या शवपेटीसमोर मिस्सा म्हटली.

आमची एकुलती एक मुलगी काटिया लग्न होऊन चेर्विन्यानोला राहते, पाण्यापासून लांब. तिने एकच अट घातली. "होडी चालवायची तर चालव, पण खोली मोजायचं यंत्र बसवून घे. अलार्मवालं."

यंत्र बसवायला दुइलिओ आला. इंजिनं दुरुस्त करतो तो, एर्विनोचा लहानपणापासूनचा दोस्त.

"हे बघ नीवेस," तो म्हणाला, "पडद्यावर जो आकडा दिसतोय ना, तो म्हणजे पंख्याच्या टोकाखाली किती पाणी आहे ते. आणि हे बटण अलार्मचं. किती पाणी उरलं की ओरडायचं, ते तू ठरवायचं."

"किती ठरवू?"

"ऐंशी सेंटीमीटर ठेव. फार कमी ठेवलास तर वाजेपर्यंत तू चिखलात असशील. फार जास्त ठेवलास तर सारखाच वाजेल, आणि सारखं वाजणाऱ्या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही. माझ्या बायकोला विचार."

"एर्विनोला असलं काही लागलं नाही कधी."

"एर्विनोला चष्मापण लागत नव्हता. तुला लागतो."

मी ऐंशी ठेवला. उथळात गेलं की यंत्र टुँऽ टुँऽ करायचं, मी गती कमी करून मागे यायची, वाट सापडायची. पंधरवड्यात सवय झाली. सकाळी कॉफी, मग किल्ली, मग पडदा उजळायचा, मग आकडा. घरी बोलायला कोणी नव्हतं. निदान होडीत काहीतरी मला उत्तर द्यायला लागलं होतं.

२

जूनमधली सकाळ होती, पाणी काचेसारखं. बेटांकडे जाताना वाटेला एक मोठं वळण लागतं, तिथे पाणी सगळ्यात खोल, ओहोटीलासुद्धा चार मीटर. त्या वळणावर मी कधी पडद्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्या दिवशी तिथेच अलार्म वाजला.

मी दचकून इंजिन मोकळं केलं. पडद्यावर चारचे तीन झाले होते, तीनचे दोन, मग शून्य पॉइंट आठ. एकदाच टुँऽ झालं आणि आकडा परत, आरामात, चारपर्यंत गेला.

एर्विनोची लांब काठी मी पाण्यात सोडली. मूठ पाण्याला लागली तरी तळ नाही. दुसऱ्या बाजूने सोडली. तिथेही नाही.

संध्याकाळी दुइलिओच्या दुकानात गेले.

"बोय माशांचा थवा असणार," तो म्हणाला. "मासा आणि चिखल यातला फरक यंत्राला कळत नाही. खाली सोडलेला आवाज परत आला की ते तळ समजतं."

मला पटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर पुन्हा तेच झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"रोज त्याच जागी कसे येतात मासे?" मी विचारलं.

"तू नाही का रोज त्याच जागी जात?"

तरी तो एकदा माझ्याबरोबर आला. वळणावर आम्ही दोन फेऱ्या मारल्या. आकडा चारच्या खाली आला नाही. त्याने होडीच्या बुडाखाली बसवलेल्या, आवाज सोडणाऱ्या नळीवर चिकटलेलं शेवाळ खरवडून काढलं, तारा तपासल्या, माझ्याकडची उरलेली मक्याची पोलेंता तळलेल्या माशाबरोबर खाल्ली आणि झालं असेल काहीतरी असं म्हणून गेला.

पुढच्या सकाळी मी एकटी होते. वळण आलं. चार, तीन, दोन, ऐंशी. टुँऽ. आणि मग परत चार.

दारावर एकदाच टकटक करून कोणी दोन पावलं मागे जाऊन उभं राहावं, तसं ते होतं.

३

पुढे मी जे केलं ते वैतागून केलं, दुसरं काही मनात नव्हतं. मासे ऐंशीपर्यंत वर येतात ना, मग अलार्म साठवर आणून ठेवू. मासे येतील जातील, यंत्र गप्प राहील.

वळणावर आकडा उतरायला लागला. ऐंशी गेला, अलार्म वाजला नाही. सत्तर गेला. साठवर थांबला. टुँऽ. आणि परत चार.

मी घाटावर आले आणि बराच वेळ होडी बांधायचीच विसरले. दुसऱ्या दिवशी सत्तर लावला. ते सत्तरवर थांबलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा साठ. ते साठवर थांबलं.

यंत्राच्या पेटीतच बिघाड असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अलार्मचा आकडा आणि खोलीचा आकडा आत कुठेतरी एकमेकांत गुंतले असतील. यंत्रं असं करतात. आमच्या घरातलं कपडे धुवायचं यंत्र रेडिओ लावला की थांबायचं. हे पटण्यासारखं होतं, आणि पटवून घ्यायला मी मुळीच कमी केलं नाही. म्हणून एक दिवस वळणावर येताच मी पेटी बंद केली. पडदा काळा झाला. इंजिनही बंद केलं.

शांत होतं सगळं. लांब कुठेतरी समुद्रपक्षी ओरडत होते. मग पायाखालच्या फळ्यांतून एक आवाज आला. नाळेपासून सुरू झाला आणि सावकाश मागे, इंजिनापर्यंत गेला. घासल्याचा होता, पण दगडाचा किंवा लाकडाचा नव्हता. मऊ होता. मला तो आवाज ओळखीचा होता. वसंतात होडी उलटी करून ठेवली की एर्विनो असाच तळहात फिरवायचा, नाळेपासून मागेपर्यंत, कुठे फट आहे का बघत. डोळे मिटून बघायचा. "हाताला जास्त दिसतं," म्हणायचा.

मी वाकून फळीवर हात ठेवला. आवाज थांबला.

त्या दिवशी बेटावरच्या म्हाताऱ्या बाईला पिठाऐवजी साखरेच्या पिशव्या देऊन आले.

४

आठवण येते म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मला त्याचा चेहरा आठवत बसावं असं वाटत नव्हतं. फोटो होते घरात. मला वजन हवं होतं. रात्री तो पलंगाच्या कडेला बसला की माझी बाजू किंचित वर यायची आणि मी झोपेतच त्याच्याकडे घरंगळायची. आता पलंग सपाट असायचा. कूस बदलली तरी काही हलत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी अलार्मचा आकडा खाली आणत गेले. पन्नास. मग चाळीस. रोज नाही, तीन-चार दिवस एका आकड्यावर राहायची, मग पुढचा. दर वेळी ते त्या आकड्यापर्यंत यायचं आणि वाजवून, मी निघेपर्यंत तिथेच थांबायचं. आगाऊपणा कधी केला नाही. मी जेवढं बोलवावं तेवढंच. तीसवर आणला त्या दिवशी होडी किंचित वर आली, पाणी अजिबात हललं नसताना, आणि मी बाकावर जराशी कलले. मी रडले नाही. इतकं बरं वाटलं की रडायचं सुचलं नाही.

मी बोलायला लागले. वळणावर थांबून, इंजिन बंद करून. काय काय बोलायची ते आता सांगायला लाज वाटते, इतकं साधं होतं. घाटावरच्या बाकाला कसा हिरवा रंग दिलाय. माशाच्या कालवणात, बोरेतोत, मी परवा मिरी जास्त टाकली आणि सगळं एकटीने संपवलं. दुइलिओच्या बायकोचं कोणाशी भांडण झालं. तो असताना आम्ही होडीत फारसं बोलायचो नाही. लागायचंच नाही.

कधी कधी घरी परतल्यावर भांडी घासताना डोकं ताळ्यावर यायचं. नीवेस, मी म्हणायची, तू माशांशी गप्पा मारतेस. किंवा शेवाळाच्या गठ्ठ्याशी. किंवा अशा कशाशी, ज्याचं नाव तुला माहीत नाही. हातातली ताटली पुसून होईपर्यंत मला हे पटलेलं असायचं. सकाळी कॉफी पिताना मी केस नीट बांधायची.

ऑगस्टमध्ये मी त्याला काटियाचं सांगितलं. तिला दिवस गेलेत, नोव्हेंबरात होईल. फेब्रुवारीत तो गेला तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं.

अलार्म तेव्हा वीसवर होता. पडद्यावर वीस दिसत होते. मी बोलले आणि आकडा थरथरला. वीस, एकोणीस, वीस, एकोणीस. मग, मी बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच, मी निघायच्या आधी ते खाली गेलं. एकदम गेलं. पडद्यावर चार आले, आणि मग काहीच नाही, नुसत्या रेघा, जणू त्या जागी तळच नव्हता.

त्या रात्री मी आकडा आणखी कमी करायचं ठरवलं. पंधरा.

५

ऑक्टोबरात काटिया आली. पोट चांगलंच पुढे आलेलं, पाय सुजलेले, आणि मनात एकच गोष्ट. झोपडीत तिचा पाळणा होता, खाली वाकडे लाकडी पाय असलेला, एर्विनोने तिच्या वेळेला केलेला. तो तिला हवा होता.

"मी आणते की," मी म्हटलं. "तू कशाला येतेस असल्या अवस्थेत?"

"मला बघायचंय तिकडे. बाबा गेल्यापासून मी एकदाही गेले नाहीये. आणि आई, मी बाळंतीण व्हायचीय, आजारी नाही."

"पुढच्या आठवड्यात जाऊ."

"पुढच्या आठवड्यात मी या होडीत मावणार नाही."

जाताना मी वळणाची वाट टाळली. भरती होती, त्यामुळे उथळावरून आडवी घालता आली. तिने विचारलं तर म्हटलं, इथून जवळ पडतं. झोपडीत गेलो. बोरूला कोंदट वास येत होता. एर्विनोचा एक बूट चुलीपाशी आडवा पडला होता, तो काटियाने उचलून नीट उभा ठेवला. पाळण्यावरची धूळ पुसून आम्ही तो दोघींनी होडीत ठेवला. तिने झोपडीच्या उंबरठ्यावर बसून पाव आणि चीज खाल्लं, आणि तिचं खाऊन, मग थोडी झोप होईपर्यंत पाणी ओसरलं. परतीला उथळावरून जाणं शक्य नव्हतं. एकच वाट होती.

मी इंजिन चालू केलं. काटिया पाळण्याशेजारी बसली होती, पडद्यासमोर.

"हा अलार्म पंधरावर कोणी ठेवला?"

मी दोर गुंडाळायला घेतला.

"आई, पंधरा सेंटीमीटर? पंधरावर वाजून करायचं काय, प्रार्थना? दुइलिओकाकाने ठेवला?"

"मीच ठेवला. सारखा वाजतो."

"सारखा वाजतो म्हणजे सारखी उथळात जातेस."

"काटिया, राहू दे तो."

"का पण?"

तिने बटणं दाबून तो एक मीटरवर नेला. "माझं पोर आहे होडीत," ती म्हणाली. मी होडी वाटेला लावली.

मला वाटलं, ठीक आहे. ते एक मीटरवर येईल आणि थांबेल. आजवर नेहमी थांबलंय. आणि कदाचित येणारही नाही, बरोबर दुसरं माणूस असताना ते कधी आलेलं नाही.

६

वळण आलं. चार होते. काटिया उन्हाकडे तोंड करून बसली होती, एक हात पाळण्याच्या कडेवर.

तीन. दोन. एक. टुँऽ.

"बघ," काटिया म्हणाली. "म्हणून लागतो अलार्म. मागे घे."

मी इंजिन मोकळं केलं आणि आकडा परत वाढायची वाट बघत राहिले. तो वाढला नाही. अलार्म वाजतच राहिला. नव्वद. पंच्याऐंशी. सत्तर. ते थांबत नव्हतं. घाईसुद्धा करत नव्हतं.

"आई, मागे घे ना."

मी मागे घेतलं नाही, पुढे गती दिली. पडद्यावर तळाची रेघ उमटत जाते, डोंगरासारखी वरखाली. ती रेघ आता सरळ झाली होती. पन्नास. आम्ही एक खुंट मागे टाकला, रेघ सरळच. दुसरा खुंट मागे टाकला. चाळीस. आतापर्यंत मी जे काही मनात धरलं होतं त्याला एक लांबी होती, एर्विनो बाकावर माझ्या शेजारी बसायचा तेवढी. ही रेघ संपत नव्हती.

मी कडेवरून खाली बघितलं. ऑक्टोबरचं पाणी स्वच्छ असतं, ऊन आतपर्यंत गेलं होतं. खाली चिखल दिसला. चिखलाच्याच रंगाचं होतं, करडं, गुळगुळीत. पण खुंट मागे जात होते आणि ते मागे जात नव्हतं. आमच्याबरोबर येत होतं. आणि एका जागी, बरोबर जिथे काटिया बसली होती त्याच्या खाली, त्या करड्यात एक फिकट भाग होता, चेहऱ्याएवढा, वर वळलेला.

ओळखीचा होता का? मला अजूनही विचारू नका. मी तितका वेळ बघितलंच नाही.

वीस. होडी उचलली गेल्यासारखी झाली. काटियाने दोन्ही हातांनी पोट धरलं. "काय होतंय हे?"

मी सुकाणू डावीकडे पूर्ण फिरवलं. दोन खुंटांच्या मधून, वाट सोडून, सरळ उथळाकडे. एर्विनोने असं कोणी केलेलं बघितलं असतं तर काठावरून शिव्या घातल्या असत्या. अलार्म ओरडत होता आणि आता तो खऱ्या चिखलासाठी ओरडत होता. दहा. पाच. मी इंजिन बंद करून वर उचललं आणि होडी आपल्या जोरावर पुढे घसरत गेली, फसफसत, आणि एका जागी रुतून थांबली.

आमच्या चारी बाजूंना पाणी घोटाभर होतं. एवढं मोठं काही तिथे येऊ शकलं नसतं. मी यंत्र बंद केलं.

७

काटिया आधी घाबरली होती, मग संतापली. "तू मुद्दाम घातलीस. मी बघितलं. मुद्दाम चिखलात घातलीस."

"वाटेत काहीतरी होतं."

"काय होतं?"

"ओंडका असेल. लागला असता तर बूड फाटलं असतं."

तिने दुइलिओला फोन लावला. तो मोन्फाल्कोनेला कोणाच्या तरी इंजिनात हात घालून बसला होता; त्याचं हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं. "ओहोटी संपलीच आहे," तो म्हणाला. "भरती आली की आपोआप सुटाल. बसा गप्पा मारत. आणि आईला सांग, ग्रादोत मी कोणाला सांगणार नाही. रविवारपर्यंत."

आम्ही बसलो. ऊन होतं, वारा नव्हता. पन्नासेक पावलांवर खोल वाट होती, तिथलं पाणी गडद निळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्याचे दोन रंग वेगळे दिसले. मी निळ्याकडे बघत राहिले. तिथे काही नव्हतं.

"आई," काटिया हळूच म्हणाली, "तू हलवतेयस का?"

होडी चिखलात पक्की रुतली होती. पाळणा हलत होता. थोडासाच, इकडून तिकडे, झोपलेल्या बाळाला हलवतात तसा. मी त्याच्यावर हात ठेवला. तो थांबला. हात काढला, तो पुन्हा सुरू झाला.

मग आवाज आला. हवेतून आला नाही. चिखलातून, लाकडातून, आमच्या पायांतून वर आला. भरल्या तोंडाने कोणी बोलावं तसा, पण शब्द कळला.

जवळा.

मला त्याचा अर्थच लागला नाही. बाजारात बारीक कोळंबी मिळते, तो जवळा. आता इथे त्याचं काय? मी काटियाकडे बघितलं. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं, आणि त्याच वेळी ती हसत होती. लहान असताना एर्विनोची होडी घाटाला लागली की हसायची तशी.

"बाबा मला म्हणायचे," ती म्हणाली. "मी जन्मले तेव्हा एवढीशी होते म्हणून. तुझ्यासमोर नाही म्हणायचे. आम्ही दोघंच होडीत असलो की."

मी उन्हाळाभर इतकं बोलले होते, पण हे नाव मी बोलणं शक्यच नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. बायकोला माहीत नसलेलं नाव होतं ते.

जवळा.

काटिया उठली. होडीच्या कडेला एक हात टेकवून तिने पाय उचलला. "पाणी घोट्याएवढं आहे. मी फक्त कडेपर्यंत जाते."

मी तिचं मनगट धरलं. "खाली बस."

"ते बाबा आहेत."

"असतील."

"असतील म्हणजे? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. असतील, काटिया. तू खाली बस."

"तू रोज येतेस इथे." तिने वळून माझ्याकडे बघितलं, पंधराचा आकडा तिला आत्ता कळला असावा. "तुला माहीत होतं. तू त्यांच्यासाठी येत होतीस. मग आता काय झालं? तुला नको आहेत का ते?"

मला काय हवं होतं ते त्या खाडीत सगळ्यांत चांगलं त्यालाच ठाऊक होतं. शंभरदा तरी मनात मी स्वतः त्या कडेवरून उतरले होते. आज काटिया बरोबर नसती तर उतरलेही असते, आणि तो कोण आहे हे विचारायला थांबले नसते.

मी मनगट सोडलं नाही. ती ओढत होती. तरुण आहे, माझ्यापेक्षा ताकद जास्त. मी दोन्ही हातांनी धरलं, बाकावर पाय रोवले. मग तिच्या पोटात बाळ जोरात फिरलं असावं, कारण ती एकदम वाकली, बाकावर बसली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिच्या कानांवर तळहात ठेवले. तिला ऐकू येऊ नये म्हणून. मला ऐकू येत राहिलं.

८

भरती आली. पाण्याने होडीला उचललं. खरंच पाण्याने, मी हात घालून बघितलं. इंजिन जेमतेम बुडवलं, पंखा चिखलाला लागणार नाही इतकं वर ठेवलं, आणि वाट सोडून उथळावरूनच परत निघाले. ज्या चिखलाला मी उन्हाळाभर टाळत आले होते, त्याला चिकटून चालले.

निघाल्याबरोबर ते पुन्हा ऐकू यायला लागलं. उजवीकडे, खोल वाटेतून, आमच्या बरोबरीने. काटिया मान वळवायला लागली. तेव्हा मी यंत्र चालू केलं आणि अलार्मचा आकडा वर नेला. एक मीटरचे दोन. तीन. उथळात तीन मीटर पाणी कुठेच नसतं. अलार्म सुरू झाला तो थांबलाच नाही. टुँऽ टुँऽ टुँऽ, सगळ्या खाडीभर, झोपड्यांतली माणसं दारात येऊन बघायला लागली इतका. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. काटियाने डोळे मिटले. मी समोर बघत चालवत राहिले आणि माझे ओठ हलत होते. मी त्याला सांगत होते, आता पुरे, आता जा. अलार्ममुळे माझं मला ऐकू आलं नाही, त्यालाही आलं नसेल.

काटियाला मुलगा झाला. मी आता चेर्विन्यानोला तिच्याकडे राहते. बाळाचं करायला कोणीतरी हवंच होतं, असं लोकांना सांगितलंय. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. पोराला ती लाडाने काहीही म्हणते, बटाटा म्हणते, पोपट म्हणते, पण ते नाव तिने कधी घेतलं नाही. बाळ पाळण्यात झोपतं. पाळणा आम्ही हलवतो तेव्हाच हलतो.

होडी दुइलिओने घेतली. बेटांवरचं सामान आता तोच नेतो, दुकान पोरांवर सोडून. महिन्यातून एकदा येतो, माझ्यासाठी कागदात गुंडाळून बोय आणतो आणि स्वयंपाकघरात बसून ग्रादोच्या बातम्या सांगतो.

"आणि वळणावर?" मी विचारते. "अलार्म वाजतो का कधी?"

"तिथे? तिथे चार मीटर पाणी आहे, नीवेस. कशाला वाजेल? एकदाही वाजला नाही."

"कितीवर ठेवला आहेस?"

"ऐंशी. तुला सांगितला होता तेवढाच."

मी मासे साफ करायला घेते. पुढच्या वेळी तो आला की मी पुन्हा विचारते, आणि तो पुन्हा तेच सांगतो, हसून, माझी समजूत घातल्यासारखं. त्याला वाटतं, ते ऐकून मला बरं वाटतं.